घटना समितीतील एक परिच्छेद आणि विनयपिटकाची साक्ष

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घटना समितीपुढे समारोपाचे भाषण केले. त्यात भिक्खुसंघाविषयी एक लहानसा परिच्छेद आहे. आपल्या चळवळीत हा परिच्छेद जितका उद्धृत केला जातो तितका तो वाचला जातो, असे आम्हांस वाटत नाही. जयंतीच्या स्मरणिका, विहारांच्या उद्घाटनाच्या पत्रिका, आणि २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून पाळला जाऊ लागल्यावर त्या दिवसाचे विशेषांक, या सर्वांत तो हमखास भेटतो. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतगणना, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, निर्णीत प्रकरण पुन्हा न उकरण्याचा नियम ही यादी दिली जाते, संघ म्हणजेच संसद होती असे सांगितले जाते, आणि लेखक अभिमानाने लेखणी खाली ठेवतो. मूळ भाषणात मात्र बाबासाहेबांनी तेथे वाक्य संपविलेले नाही. ही लोकशाही पद्धती भारताने गमावली, आणि आता तो ती दुसऱ्यांदा गमावील काय, हे आपणास ठाऊक नाही, असे ते लगोलग म्हणतात. यादी उद्धृत करणारे बहुतेक लोक हे पुढचे बोलणे गाळतात. हे गाळणे निरुपद्रवी नाही, असे आमचे मत असून त्यासाठी सदर परिच्छेद विनयपिटकाशेजारी ठेवून वाचण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम यादीविषयी. ती ज्याने विनय वाचला आहे त्याला परकी वाटत नाही. संघाच्या प्रत्येक कृत्याला 'कम्म' ही संज्ञा आहे. कम्म करावयाचे तर प्रथम 'ञत्ति', म्हणजे संघाला विषयाची रीतसर सूचना द्यावी लागते. किरकोळ कम्मात ञत्ति व तीनंतर एकच उद्घोष होतो. उपसंपदेसारख्या गंभीर कम्मात ञत्तीनंतर तीन वेळा उद्घोष होतो, म्हणून त्यास 'ञत्तिचतुत्थकम्म' म्हणतात. प्रत्येक उद्घोषात ज्याला हे मान्य आहे त्याने मौन राखावे व ज्याला मान्य नाही त्याने बोलावे असे विचारले जाते. महावग्गातील चम्पेय्यक्खन्धकात गणसंख्येचे नियम आहेत: बहुतेक कम्मांना चार भिक्खू पुरतात, मध्यदेशात उपसंपदेला दहा लागतात, आणि संघादिसेस या गंभीर आपत्तीतून मुक्त होऊ पाहणाऱ्यास परत घेण्यासाठी, ज्यास 'अब्भान' म्हणतात, वीस. अपुऱ्या संघाने केलेले कम्म कम्मच नव्हे. आसनव्यवस्थेचा उल्लेख चुल्लवग्गाच्या अखेरच्या खन्धकात आहे: वैशालीच्या द्वितीय संगीतीच्या वेळी अजित नावाच्या दहा वर्षावास झालेल्या भिक्खूची थेरांची आसने मांडण्यासाठी संघाने रीतसर नियुक्ती केली. निर्णय झालेले प्रकरण जाणूनबुजून पुन्हा उकरून काढणे हे भिक्खुपातिमोक्खात पाचित्तिय ठरविले आहे.

या यादीचा क्रम आणि तिच्यातील इंग्रजी संज्ञा पाहता काशीप्रसाद जयस्वाल यांच्या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'हिंदू पॉलिटी' या ग्रंथाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. संघाने हे नियम तत्कालीन गणराज्यांच्या सभांकडून घेतले असावेत हे अनुमानही जयस्वालांनी मांडलेच होते, आणि बाबासाहेबही भाषणात तसेच म्हणतात. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र जयस्वालांच्या उत्साहात जेथे अतिव्याप्ती झाली तेथे पाली अभ्यासकाने ती दाखविली पाहिजे. 'गणपूरक' या शब्दाला त्यांनी पक्षप्रतोदाचा अर्थ चिकटविला. विनयात गणपूरक म्हणजे केवळ गणसंख्या भरून काढणारा भिक्खू. पक्षाचा आदेश हा प्रकार संघात संभवतच नाही, कारण संघात पक्ष पडणे यालाच संघभेद म्हणतात. तसेच, तीन उद्घोषांना विधेयकाच्या तीन वाचनांचे पूर्वरूप म्हणण्याचा मोह अनेकांस होतो. घटना समितीत मसुद्याचे पहिले वाचन ४ नोव्हेंबर १९४८ रोजी सुरू झाले, कलमवार दुसरे वाचन सुमारे अकरा महिने चालले आणि तिसरे १४ नोव्हेंबर १९४९ पासून झाले. या काळात ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे आकडे बाबासाहेबांनी त्याच भाषणात दिले आहेत. कम्मवाचेत दुरुस्ती नसते. तेच शब्द तीनदा उच्चारले जातात, आणि कम्मास अधिकारी असलेल्या एकाही उपस्थित भिक्खूने हरकत घेतली तर ते कम्म 'वग्ग', म्हणजे विभागलेल्या संघाचे ठरून निष्फळ होते. संघाचा नित्याचा कारभार बहुमताने चालत नव्हता; तो एकमताने चालत होता.

याहून महत्त्वाचा भेद असा की, संघ नियम घडवीत नव्हता. शिक्षापदे प्रज्ञप्त केली ती तथागतांनी. राजगृहाच्या प्रथम संगीतीत, तथागतांनी क्षुद्रानुक्षुद्र शिक्षापदे इच्छा असल्यास रद्द करण्याची मुभा दिली होती असे आनंदाने सांगितल्यावरही, महाकस्सपांनी जी ञत्ति मांडली ती नवे काही न घडविण्याची आणि जुने काही न मोडण्याची. घटना समिती मात्र नेमकी घडविण्यासाठीच भरली होती. ९ डिसेंबर १९४६ पासून ११ अधिवेशनांत १६५ दिवस ती बसली, त्यांतील ११४ दिवस मसुद्यावरच गेले. शिवाय आपण घडविले त्यावर अखेरचा शिक्का मारण्याचे तिने नाकारले. ३६८ वे कलम त्यासाठीच आहे, आणि एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये हे जेफरसनचे मत बाबासाहेबांनी त्या दिवशी आवर्जून सांगितले. तेव्हा संघ ही संसद होती हे विधान कार्यपद्धतीपुरते खरे आहे. घटना निर्माण करण्याच्या अधिकारापर्यंत ते ताणता येत नाही, आणि बाबासाहेबांनीही ते ताणलेले नाही. त्यांची यादी पाहावी, तीत कार्यपद्धतीबाहेरचे एकही कलम नाही.

आता सलाकेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी अडचण तेथे आहे. समथक्खन्धकात विवाद मिटविण्याचे सात उपाय सांगितले आहेत. 'येभुय्यसिका' हा त्यांपैकी एक, म्हणजे बहुसंख्येने निर्णय. त्यासाठी 'सलाकगाहापक' नेमावयाचा. तो छंद, द्वेष, मोह व भय या चार अगतींनी न जाणारा आणि कोणती सलाका घेतली गेली व कोणती नाही हे जाणणारा असावा. सलाका घेण्याचे तीन प्रकार आहेत: 'गूळ्हक' म्हणजे गुप्त, 'सकण्णजप्पक' म्हणजे कानात सांगून, आणि 'विवटक' म्हणजे उघड. गुप्त प्रकारात वेगवेगळ्या रंगांच्या सलाका केल्या जातात. येथपर्यंत वाचून आजचा वाचक सुखावतो. परंतु विनयकार पुढे सांगतो की, अधम्मवादी अधिक आहेत असे सलाकगाहापकाच्या ध्यानात आले तर त्याने ग्रहण चुकीचे झाले असे म्हणून सलाका परत घ्याव्यात. धम्मवादी अधिक असतील तरच ग्रहण योग्य झाल्याचे जाहीर करावे. आम्ही हा भाग वर्गात शिकवीत असता एका विद्यार्थिनीने सरळ विचारले की, मग ही तर मतपेटी पळविण्यासारखीच गोष्ट झाली, तिला लोकशाही कसे म्हणावयाचे? प्रश्न योग्य होता. स्मरणिकांतील लेखांत तो कधी विचारला जात नाही, कारण तेथे हा उतारा येतच नाही.

त्याचे उत्तर देताना विनयातीलच दुसरी कथा सांगावी लागते. देवदत्ताने आपल्या पाच मागण्यांवर सलाका फिरविल्या. वैशालीच्या पाचशे वज्जिपुत्तक भिक्खूंनी, जे नवे होते आणि विनयात मुरलेले नव्हते, हाच धम्म, हाच विनय असे समजून त्या घेतल्या, आणि संघ फुटला. हे पाचशे गणराज्याचे पुत्र होते हे विसरू नये. सभा म्हणजे काय हे त्यांना शिकविण्याची गरज नव्हती. सलाका फिरविण्यात उणीव नव्हती, संख्येतही नव्हती. त्यांना परत आणले ते सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांनी, आणि तेही धम्म सांगून. फेरमतदान घेऊन नव्हे. संख्या धम्माला बदलू शकत नाही, हे विनयकाराचे गृहीत आहे आणि सलाका परत घेण्याची मुभा त्यातून आली आहे.

आपल्या घटनेत या गृहीताला जागा नाही असे नव्हे. मूलभूत हक्कांशी विसंगत असा कायदा बहुमताने केला तरी तो १३ व्या कलमान्वये शून्य ठरतो, आणि ज्या ३२ व्या कलमान्वये नागरिक न्यायालयाचे दार ठोठावतो त्याला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनेचा आत्मा म्हटले. आधुनिक अर्थाने हे 'दुग्गह' जाहीर करणेच आहे. भेद इतकाच की, मते मोजणारा आणि ग्रहण चुकीचे ठरविणारा हे दोघे घटनेने वेगळे केले. विनयाने एका भिक्खूच्या चारही अगतींपासून मुक्त असलेल्या चित्तावर भरवसा ठेवला. घटनेने तसा भरवसा कोणा एकावर ठेवला नाही. ज्या भाषणात भिक्खुसंघाचा गौरव आहे त्याच भाषणात राजकारणातील भक्ती हा अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे असा इशारा आहे. संघाचे अनुकरण करताना काय घ्यावयाचे नाही हेही बाबासाहेबांस ठाऊक होते, असे आम्हांस यावरून दिसते.

जाता जाता उब्बाहिकेचा उल्लेख करतो. चर्चेत निष्फळ बोलणे वाढू लागले की संघ निवडक भिक्खूंची मंडळी नेमतो. वैशालीत पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार अशा आठ थेरांकडे दहा वस्तूंचा प्रश्न सोपविला होता. तिची तुलना २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या सात जणांच्या मसुदा समितीशी करण्यात येते. उब्बाहिका मूळ प्रश्नाचा निर्णय देते; मसुदा समिती प्रत्येक शब्द सभागृहापुढे ठेवत होती. शिवाय ती सातांची समिती नावापुरतीच सातांची उरली होती, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी सभागृहातच सांगितले आहे. असो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेब म्हणाले होते की, घटनात्मक नीती ही स्वाभाविक भावना नसून ती जोपासावी लागते, आणि भारतात लोकशाही हा मूलतः लोकशाहीविरोधी असलेल्या मातीवर दिलेला वरचा थर आहे. ग्रामगणराज्यांचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी त्या दिवशी कठोर उत्तर दिले. एक वर्ष आणि एकवीस दिवसांनी तेच म्हणतात की, भारताला लोकशाही अज्ञात नव्हती, येथे गणराज्ये होती, संघ या संसदाच होत्या. यात विसंगती आहे काय? काही टीकाकारांनी, विशेषतः बाबासाहेबांविषयी सद्भाव नसणाऱ्यांनी, ही संधिसाधू प्राचीनप्रीती आहे असे सुचविले आहे. आपल्याकडील लेखक प्रश्नच टाळतात; ते पहिले भाषण ग्रामव्यवस्थेच्या लेखात उद्धृत करतात आणि दुसरे बौद्ध धम्माच्या लेखात, दोन्ही एकत्र कधी ठेवीत नाहीत.

आमच्या मते उत्तर विनयातच आहे. संघ त्या मातीत उगवला नव्हता. त्या मातीतून बाहेर पडलेल्यांचा तो समूह होता. गंगा, यमुना, अचिरवती, शरयू, मही या नद्या महासमुद्रास मिळाल्या की आपले पूर्वीचे नाव व गोत्र टाकतात, तसे चारही वर्णांचे लोक येथे प्रव्रजित होऊन आपले नाव-गोत्र टाकतात, अशी उपमा चुल्लवग्गात तथागत देतात. हे केवळ उपमेत राहिले नाही. शाक्य कुमारांनी आपला अभिमान उतरावा म्हणून आपल्या न्हाव्याला, उपालीला, आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली, जेणेकरून पुढे त्यालाच वंदन करावे लागेल. राजगृहाच्या संगीतीत विनय सांगितला तो याच उपालीने. म्हणजे ज्या कार्यपद्धतीचा आपण अभिमान बाळगतो ती कार्यपद्धती अशा सभेत चालत होती की जेथे बसण्याचा क्रम उपसंपदेच्या कालावरून ठरे, जन्मावरून नव्हे. नाव-गोत्र आधी टाकले गेले, मग ञत्ति मांडली गेली. १९५० साली भारतीयांना ञत्ति, गणसंख्या आणि सलाका मिळाल्या. नाव-गोत्र कोणी टाकले नव्हते.

हे ध्यानात घेतले म्हणजे भाषणाचा पुढील भाग वेगळा वाटू लागतो. भिक्खुसंघाच्या परिच्छेदानंतर बाबासाहेब म्हणतात की, दीर्घकाळ वापरात नसल्यामुळे लोकशाही या देशात जणू नवीच मानली पाहिजे. मग सनदशीर मार्ग आणि भक्ती यांविषयीचे इशारे येतात, आणि मग तो प्रसिद्ध भाग येतो: २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करीत आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत. अभ्यासक हे दोन भाग वेगळे करून पहिल्यास इतिहास आणि दुसऱ्यास समाजशास्त्र मानतात. आम्ही ते एकाच युक्तिवादाचे दोन टप्पे मानतो. पहिल्यात एक पद्धती येथे होती व गेली असे सांगितले आहे. दुसऱ्यात ती कशावाचून टिकत नाही ते सांगितले आहे. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. १९४९ च्या भाषणात हे स्पष्ट म्हटलेले नसले तरी परिच्छेदांची रचना ते सुचविते.

संघ म्हणजे निर्दोष समता असे मात्र कोणी समजू नये. महावग्गात दासाला, ऋणकोला आणि राजाच्या सैनिकाला प्रव्रज्या देऊ नये असे नियम आहेत. पळून आलेल्या दासाविषयी लोकांनी कुरकूर केल्यावर पहिला नियम झाला. भिक्खुसंघाच्या गणसंख्येत भिक्खुनी धरली जात नाही. गणराज्यांचे तर विचारावयासच नको: एकपण्ण जातकात वैशालीत ७,७०७ राजे असल्याचे म्हटले आहे, पण त्यांच्या दासांची गणना कोणी केलेली नाही. घटना समितीही प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींवर मताधिकार असलेल्यांनी निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी तिच्या ब्रिटिश प्रांतांतील सभासदांना निवडले होते. खुद्द बाबासाहेबांना मुंबईतून येता आले नाही, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने बंगालमधून यावे लागले. फाळणीने ती जागा गेल्यावर जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून निवडले गेले. ज्या सभेत शिरण्यासाठी इतके सायास पडले त्या सभेने सर्व प्रौढांना मत दिले, ही गोष्ट मात्र संघाच्याही पुढची आहे, आणि ती तशी म्हणण्यास बौद्धाने संकोचू नये. त्याच सभेत दाक्षायणी वेलायुधन या अस्पृश्य समाजातून आलेल्या एकमेव स्त्री सभासदाने डिसेंबर १९४६ मध्येच लिच्छवींच्या गणराज्याचे स्मरण दिले होते. वैशालीच्या सभेत तिच्यासारखीला बसता आले असते असे कोणत्याही सुत्तावरून म्हणता येत नाही.

लिच्छवींचा विषय निघालाच आहे तर महापरिनिब्बानसुत्ताची अट्ठकथाही पाहावी. वारंवार एकत्र जमणे, समग्र होऊन जमणे व समग्र होऊन उठणे इत्यादी सात धर्म वज्जी पाळतात तोवर त्यांची हानी नाही, हे तथागतांचे वचन वस्सकार ब्राह्मणाने ऐकले आणि त्यातून नेमका उलटा धडा घेतला. अट्ठकथाकार सांगतो की, तो वैशालीत राहिला, एकाच्या कानात काही, दुसऱ्याच्या कानात काही सांगू लागला. सामान्यच प्रश्न तो खाजगीत विचारी, आणि काय बोलणे झाले हे दुसऱ्याला कधी खरे वाटत नसे. तीन वर्षांत कोणी दोघे एका वाटेने जाईनासे झाले. मग सभेची भेरी वाजविली गेली. नियम मोडलेला नव्हता, सभागृह होते, भेरीही तीच होती. जे सत्ताधीश आहेत, जे शूर आहेत त्यांनी जमावे, असे म्हणून लोक घरीच बसले. अजातशत्रू आला तेव्हा दरवाजे उघडे होते.

बाबासाहेबांनी ही कथा घटना समितीत सांगितली नाही. दाहिरच्या सेनापतींपासून जयचंदापर्यंतची फितुरीची उदाहरणे त्यांनी दिली, ती सभासदांना परिचित होती. पालीच्या अभ्यासकाला मात्र त्या उदाहरणांमागे वस्सकार दिसतो. ज्यांना स्मरणिकेसाठी सदर परिच्छेद छापावयाचा असेल त्यांनी यादीपाशी न थांबता त्यापुढील दोन वाक्येही छापावीत. जागा फारशी लागत नाही. आणि वर्षावासात ज्या विहारांत वाचन चालते तेथे एखाद्या वर्षी या भाषणाबरोबर समथक्खन्धक वाचण्यास घ्यावा. त्यात सलाका परत घेण्याचा उतारा येईल तेव्हा तो वगळू नये.